मुक्कामापुरती पेटी : प्रस्तावना

मृताच्या अस्थी घरात ठेवू नयेत हा आपल्याकडील संकेत इतका जुना आणि सर्वमान्य आहे की, त्या अस्थींसाठी स्वहस्ते लाकडी पेटी कशी घडवावी हे सांगणाऱ्या पुस्तकाला रत्नागिरीसारख्या गावात वाचक मिळतील काय, अशी शंका कोणाच्याही मनात यावी. दहनानंतर तिसऱ्या दिवशी अस्थिसंचयन करावे, वेचलेल्या अस्थी मडक्यात किंवा तांब्याच्या कलशात घालून त्याचे तोंड पांढऱ्या वस्त्राने बांधावे, ते उंबरठ्याच्या आत न आणता स्मशानात किंवा एखाद्या झाडाला टांगून ठेवावे आणि दहाव्याच्या आत समुद्राच्या, एखाद्या संगमाच्या अथवा नाशिकच्या रामकुंडाच्या पाण्यात त्यांचे विसर्जन करावे, असा हा क्रम आहे. आणि या क्रमात कुंभाराला स्थान आहे, तांबटाला आहे, पुरोहिताला तर आहेच, परंतु सुताराला मात्र कोठेच नाही. तिरडीसुद्धा बांबूची, सुंभाने आवळलेली. ज्या समाजात मृत्यूचे सारे उपकरण दोन दिवसांत मोडून, जाळून वा वाहवून टाकण्यासाठीच निर्माण होते, त्या समाजात रंधा आणि पटाशी घेऊन अस्थींसाठी काही टिकाऊ वस्तू करू पाहणारा मनुष्य थोडासा परधर्मीय वाटला, तर त्यात नवल नाही.

तथापि गेल्या काही दशकांत दोन गोष्टी अशा घडल्या आहेत की, त्यांनी हा क्रम मोडला नसला तरी ताणला निश्चित आहे. पहिली गोष्ट म्हणजे आपली माणसे दूर गेली. एके काळी कोकणातला चाकरमानी फार तर मुंबईस मरत असे आणि त्याच्या अस्थी गावी येणे ही बोटीच्या एका फेरीची बाब होती. आज त्याचा नातू न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला मरतो, आणि दहाव्याच्या आत अस्थी मायभूमीस पोहोचणे हे दाखले, परवाने, रजा आणि विमानाची तिकिटे यांच्या मर्जीवर अवलंबून राहते. दुसरी गोष्ट अधिक स्थूल आहे. लाकडांच्या चितेतून आपण वेचतो त्या अस्थी ओंजळभर असतात, बाकीची राख पाण्याला मिळते. परंतु परदेशी दाहगृहांतून, जेथे वायूच्या भट्टीत साडेसातशे ते हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेत दहन होते आणि मागे राहिलेली हाडे यंत्रात दळली जातात, तेथून वारसांच्या हाती येतो तो संपूर्ण अवशेष, दोन-तीन किलो वजनाचा, करड्या पुडीच्या रूपातला, आणि बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत व पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या खोक्यात. ते खोके हातात घेताना माणसाला जे वाटते त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. वडिलांना अशा खोक्यात घालून न्यायचे नाही एवढाच निश्चय त्या क्षणी होतो. पुढे काय करायचे ते मात्र सुचत नाही.

या न सुचण्याला उत्तर म्हणून प्रस्तुत पुस्तिका सिद्ध झाली आहे. तिचे कर्ते रत्नागिरीत हयातभर सुतारकाम केलेले गृहस्थ असून, आपले नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत घालू देण्यास ते राजी नाहीत, तेव्हा त्यांची स्तुती करून मी त्यांना अडचणीत आणणार नाही. त्यांच्या विवेचनातील एक गोष्ट मात्र मला इतकी मोलाची वाटली की, ही प्रस्तावना लिहिण्याचे मी केवळ तिच्यासाठीच पत्करले. पेटी करावयास बसणारा सामान्यतः प्रथम विचारतो, लाकूड कोणते घेऊ. त्याहून जरा विचारी असेल तो विचारतो, लांबी-रुंदी किती ठेवू. ग्रंथकर्ते म्हणतात, या दोहोंच्या आधी विचारा की अस्थींचा या पेटीत मुक्काम किती दिवसांचा आहे. पंधरा दिवसांची पेटी, पंधरा महिन्यांची पेटी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पेटी या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्यांचे लाकूड वेगळे, सांधे वेगळे, झाकण वेगळे, आणि त्यांमागची भावनाही वेगळी. काळाचे माप न घेता घडवलेली पेटी कितीही देखणी असली तरी चुकीची ठरते, हे त्यांचे प्रतिपादन मला केवळ सुतारकीचे वाटत नाही. इतिहासही त्याला अनुकूल साक्ष देतो.

अस्थी जतन करण्याची परंपरा या भूमीला परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. वसईजवळच्या सोपाऱ्यास 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखला जाणारा मातीचा उंचवटा खणला, तेव्हा तो प्राचीन स्तूप असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच्या गर्भात दगडी करंडक सापडला. करंडकात तांब्याची डबी, तिच्या आत एकात एक बसवलेल्या रुप्याच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि सोन्याच्या डब्या, सभोवार बुद्धांच्या लहान धातुमूर्ती व सोन्याची फुले, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे काही इवलाले तुकडे, जे बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने पुरले गेले असावेत, असा पंडितांचा तर्क. मुक्काम अनंत काळाचा, म्हणून वेष्टनावर वेष्टन. आणि आतली वस्तू बाजारभावाने कवडीमोल, म्हणूनच बाहेरचे द्रव्य उत्तरोत्तर मौल्यवान! ही परंपरा मध्यंतरी लोपली खरी, परंतु रत्नागिरी जिल्ह्यातल्याच मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेब आंबेडकरांच्या निर्वाणानंतर ती पुन्हा उदयास आली. 1956 च्या डिसेंबरात दादरच्या समुद्रकाठी जेथे त्यांचे दहन झाले तेथे चैत्यभूमी उभी राहिली, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपात त्यांच्या अस्थींचा कलश ठेवण्यात आला, आणि लक्षावधी लोक दरवर्षी त्यांच्यासमोर नतमस्तक होतात. तेव्हा विसर्जन हाच एक महाराष्ट्रधर्म आणि जतन म्हणजे काहीतरी विलायती खूळ, असे म्हणण्याची सोय कोणाला नाही.

सोपाऱ्याच्या त्या करंडकांत लाकूड नाही, यावरून लाकूड या कामास अयोग्य असाही निष्कर्ष काढू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली बसवलेल्या सागाच्या कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत आणि आजही जागेवर आहेत. पावसापासून आणि वाळवीपासून दूर राहिलेला साग काय करू शकतो, याचा याहून अधिक खणखणीत दाखला मला ठाऊक नाही.

मुक्कामाचा काळ ठरवण्याचा अधिकार मृताच्या माणसांकडून काढून घेतला तर काय होते, हे पाहण्यासाठी मात्र रत्नागिरीकरांना गावाबाहेर जावे लागत नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1885 च्या नोव्हेंबरात पदच्युत झाला, मद्रासमार्गे पुढल्या वर्षीच्या एप्रिलात येथे आणला गेला, आणि तीस वर्षे सरकारी तनख्यावर व सरकारी पहाऱ्यात राहून 1916 च्या डिसेंबरात येथेच मरण पावला. 1910 साली पुरा झालेला, समुद्राकडे तोंड केलेला त्याचा राजवाडा सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या मृत्यूनंतरची हकीकत फार थोड्यांना माहीत असते. कनिष्ठ राणी सुपयागले ही त्याच्या आधी 1912 सालीच वारली होती आणि तिचे शव अंत्यविधीवाचून ठेवलेले होते; आता राजाची शवपेटीही तशीच राहिली. कुटुंबाचा हेका असा की, हे अवशेष मंडालेस, निदान ब्रह्मदेशात, गेले पाहिजेत. सरकारचे धोरण असे की, मेलेला राजा जिवंत राजापेक्षा अधिक उपद्रवकारक ठरू शकतो, तेव्हा त्याची रवानगी होता कामा नये. अर्ज झाले, नकार आले, पुन्हा अर्ज झाले. अखेर 1919 च्या मार्च महिन्यात दोघांच्याही शवपेट्या सरकारी हुकमाने रत्नागिरीतच बांधलेल्या थडग्यात बंद करण्यात आल्या, आणि थोरली राणी सुपयालत त्याच वर्षी पतीला मागे ठेवून रंगूनला परतली. तिकडे रंगूनच्या मातीत 1862 पासून दिल्लीचा शेवटचा बादशाह बहादुरशहा जफर पडलेला होता, हा योगायोग इतका सरळ आहे की त्यावर भाष्य करणे हा अगोचरपणा ठरेल.

2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन या थडग्यावर येऊन गेले, 2016 साली मृत्यूच्या शताब्दीनिमित्त राजाचे वंशज व तिकडचे मान्यवर येऊन गेले. राजा मात्र येथेच आहे. ज्या पेट्या प्रवासासाठी म्हणून अडवून धरल्या गेल्या त्या कायमच्या ठरल्या. काही महिन्यांचा म्हणून मानलेला मुक्काम सात वर्षांचा होतो आणि मग शतकाचा होतो, ही शक्यता आजच्या परदेशस्थ कुटुंबांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांच्या वाटेत इंग्रज सरकार नाही, परंतु मुलांच्या शाळा, नोकरीची रजा आणि पुढच्या वर्षी नक्की जाऊ हा वायदा ही त्रयी मिळून एखाद्या सरकारइतकीच समर्थ असते.

याच्या उलट उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या या तरुणीचे 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यास निधन झाले तेव्हा तिचे बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. पती गोपाळरावांनी तिची रक्षा कोठे पाठवली? अमेरिकेत, जिने आनंदीबाईंना रोझेल गावच्या आपल्या घरात लेकीसारखे ठेवून घेतले होते त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे. आणि त्या बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, स्वकीयांच्या शेजारी, नावाच्या शिळेखाली ठेवली. कल्याणच्या मुलीची रक्षा अटलांटिकपार जाते आणि तेथील एका ख्रिस्ती घराण्याच्या जागेत आपला वाटा मिळवते, हा प्रसंग गोपाळरावांच्या लहरी स्वभावाशी जुळतो असे म्हणून पुष्कळांनी सोडून दिला आहे. मला त्यात लहर कमी आणि हिशेब अधिक दिसतो: जेथे तिची आठवण टिकेल तेथे त्याने तिला पाठवले. आजच्या पेट्या परदेशातून मायदेशी येतात. मराठी माणसाच्या रक्षेचा हा एक प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला, आणि तो शेवटास गेला.

निश्चय न झालेल्या मुक्कामाचे उदाहरण द्यायचे तर थेट महात्माजींचेच द्यावे लागते. 1948 साली त्यांच्या अस्थी देशभर वाटल्या गेल्या आणि नद्यानद्यांत विसर्जित झाल्या, परंतु ओरिसातील एक वाटा कटकच्या बँकेत एका लाकडी पेटीत जमा झाला आणि तेथेच पडून राहिला. बँकेने तो इमानाने सांभाळला. बँकेचे काम सांभाळण्याचेच. पुढे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि महात्माजींचे पणतू तुषार गांधी यांनी 30 जानेवारी 1997 रोजी प्रयागच्या संगमावर त्या अस्थींचे विसर्जन केले. त्यानंतरही एक कलश निघालाच. तो मुंबईतील संग्रहालयाकडे आला असता, प्रदर्शनात न मांडता, कुटुंबीयांच्या इच्छेनुसार 2008 साली त्याच तारखेस गिरगाव चौपाटीवर समुद्रास अर्पण करण्यात आला. ज्याने ठेव ठेवली त्याने ती केव्हा उचलावी हे पेटीवर लिहिले नव्हते, एवढाच यातला दोष. ग्रंथकर्त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूस मृताच्या नावाबरोबर विसर्जनाचे योजलेले स्थळही कोरावे अशी जी सूचना केली आहे, ती यासाठी मला फार समंजस वाटते. पेटी कोणाच्याही हाती पडो, तिला कोठे जायचे आहे हे तिने स्वतःच सांगावे.

आता लाकडाविषयी. रत्नागिरीत लाकूड म्हटले की प्रथम आंबा डोळ्यांपुढे येतो. हापूस जीतून मुंबईस जाई ती पेटी पुठ्ठ्याची खोकी येण्यापूर्वी लाकडाच्याच फळ्यांची असे, आणि चितेसाठीही आपल्याकडे आंब्याचेच सरपण वापरतात, तेव्हा दहनात जे लाकूड जळले त्याच जातीच्या लाकडात उरलेले ठेवावे, हा विचार भावनेला पटणारा आहे. परंतु आंबा किडीला लवकर बळी पडतो आणि ओल धरतो. दहा-पंधरा दिवसांच्या पेटीस तो उत्तम, कारण तो सहज मिळतो, सहज कापला जातो आणि सहज जळतो, मात्र त्याची पेटी घेऊन ऑस्ट्रेलियात जाऊ पाहणाऱ्यास तेथील सीमेवरचे अधिकारी थांबवतील, कारण लाकडी वस्तू जाहीर करून तपासून घ्याव्या लागतात आणि भोके पडलेले लाकूड त्यांना मुळीच खपत नाही. मध्यम मुक्कामास शिवण. हे लाकूड वजनास हलके, फिकट रंगाचे, आणि एकदा नीट वाळले की सहसा वाकत नाही. दीर्घ मुक्कामास फणस किंवा साग. फणसाचा ताजा पिवळा रंग वर्षानुवर्षे गडद होत तपकिरीकडे झुकतो, तो पाहणे हाही एक प्रकारचा सहवासच असतो, आणि वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. सागाविषयी कार्ल्याने सांगितलेच आहे.

कोकणच्या हवेचा विसर मात्र कोणत्याही लाकडाच्या बाबतीत पडू देऊ नये. मृगापासून हस्तापर्यंत येथील हवेत जे पाणी असते ते लाकूड पिते आणि आडव्या दिशेने फुगते. पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या सागाच्या फळीत मे महिना आणि जुलै महिना यांत एक-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. मे महिन्यात घट्ट बसवलेले झाकण जुलैत उघडत नाही, आणि जुलैत बसवलेले वैशाखात खुळखुळते. म्हणून झाकणाची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवावी, तिला सरस लावून जखडू नये, या मुद्द्यावर ग्रंथकर्त्यांनी अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. ते मला प्रथम लांबट वाटले. परंतु शोकाकुल कुटुंब समुद्रकाठी उभे असता झाकण निघत नाही आणि कोणीतरी पेचकस शोधायला धावतो, हा प्रसंग डोळ्यांपुढे आणला की त्या प्रकरणातील एकही ओळ कमी करावीशी वाटत नाही.

मापाचे गणित सोपे आहे. परदेशांत या व्यवसायात असा ठोकताळा चालतो की, देहाच्या एका पौंड वजनास एक घन इंच जागा पुरते. दोनशे पौंडांच्या माणसास दोनशे घन इंच, म्हणजे सुमारे 3,277 घन सेंटिमीटर. आतून 18 सेंटिमीटर लांब, 14 रुंद आणि 13 उंच अशी पेटी 3,276 घन सेंटिमीटर भरते. बहुतेकांना एवढी पुरून उरते. येथील चितेतून वेचलेल्या अस्थींना तळहातावर मावणारी डबीही पुष्कळ होते, आणि लहान पेटी मोठ्या पेटीपेक्षा घडवायला अवघड, हा विरोधाभास नवशिक्यास पहिल्याच दिवशी कळून येतो: सांध्यातली केसाएवढी फट तीन फुटी संदुकीत लपते, तीन इंची डबीत ती तोंड वासून उभी राहते.

सांधा शक्यतो लाकडात लाकूड अडकणारा असावा, म्हणजे कुसू आणि खाच, किंवा ज्याला आमचे कारागीर डव्हटेल म्हणूनच ओळखतात तो टोकाकडे रुंदावत जाणाऱ्या दातांचा. खिळा नको, स्क्रू नको, पितळी बिजागरी नको. याची दोन कारणे आहेत, एक पारमार्थिक आणि एक निव्वळ व्यावहारिक. विमानतळावर पेटी क्ष-किरणांखालून जाते. लाकडातून किरण आरपार जातात, जाड धातूतून जात नाहीत, आणि आत काय आहे ते दिसले नाही तर पेटी विमानात चढत नाही. तांब्याचा जड कलश हौसेने घेऊन निघालेल्या कित्येकांना म्हणून आयत्या वेळी पंचाईत पडते. पारमार्थिक कारण असे की, ज्या पेटीस अखेर अग्नीत किंवा मातीत जायचे आहे तिने मागे खिळ्यांची मूठ ठेवू नये. सरसाबद्दल काही घरांत आक्षेप निघतो, कारण जुना सरस जनावरांच्या कातड्याचा. तेथे बांबूच्या मेखा उपयोगी पडतात. वरून लाखेचे पॉलिश हवे की नको याविषयी ग्रंथकर्ते उदार आहेत. मी तितका उदार नाही. आरशासारखी चकाकणारी अस्थिपेटी मला दागिन्यांच्या दुकानातली वाटते. जवसाच्या तेलाचा एक हात आणि मेणाचा एक हात यापलीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. झाकणावर छायाचित्र जडवण्याची जी टूम निघाली आहे तिचा उल्लेख ग्रंथकर्त्यांनी सौजन्याने केला आहे. मी तो वाचून पान उलटले.

राहता राहिला प्रश्न विसर्जनानंतरच्या रिकाम्या पेटीचा, जो बहुतेक जण शेवटपर्यंत विचारात घेत नाहीत. पेटीसह विसर्जन करावे ही सहज सुचणारी कल्पना आपल्या किनाऱ्यावर फसते, कारण घट्ट सांध्यांची, तेल प्यायलेली लाकडी पेटी बुडत नाही. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर सोडलेली पेटी पुढल्या भरतीस पुन्हा वाळूवर येऊन पडावयाची, आणि ज्याच्या हाती ती लागेल त्याची अवस्था काय होईल ते सांगायला नको. तेव्हा पेटी उघडून अस्थी पाण्यात सोडाव्या, आणि पेटी घरी न आणता तेथेच अग्नीस द्यावी, किंवा जतनाचीच परंपरा असेल त्यांनी ती पुढल्या पिढीसाठी पुसून ठेवावी. पावसाळ्याच्या तोंडावर येथे वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून जमिनीकडे येतो. दळलेली रक्षा वरून ओतू गेल्यास ती देणाऱ्याच्याच अंगावर उडते. यावर उपाय म्हणून ग्रंथकर्त्यांनी तळाची फळी खाचेत सरकती ठेवण्याची युक्ती सुचवली आहे: गुडघाभर पाण्यात उतरून पेटी पाण्याला टेकवावी, आणि तळ हळूहळू मागे ओढावा. ही फळी किती जाडीची घ्यावी, तिच्या खाचेत मेण किती भरावे आणि प्रवासात ती आपोआप सरकू नये म्हणून मेख कोठे मारावी, याचा सविस्तर तपशील शेवटल्या प्रकरणात आकृतीसह दिला आहे. पेटीचे काम सुरू करण्यापूर्वी वाचकांनी तेच प्रकरण प्रथम वाचावे अशी माझी विनंती आहे.